सोत्सास समजून घ्यायचा तर आधी इव्रेआला जावं लागतं (ओलिवेत्ती, टाइपरायटर आणि इटालियन डिझाइन)

तिरपी_रेघ:

इटालियन डिझाइन म्हटलं की आपल्याकडे गाड्या, पर्सा आणि फार तर वेस्पा एवढंच आठवतं. आर्किटेक्चरवाल्यांना रेन्झो पियानो माहीत असतो, इंटिरियरवाल्यांना मेम्फिस, म्हणजे १९८० च्या दशकातला मिलानोचा डिझायनरांचा गट. त्या गटाच्या एत्तोरे सोत्सास या डिझायनरचं नाव निघालं की हमखास तो एकच फोटो येतो, तिरक्या फळ्यांचं रंगीत कार्लटन शेल्फ, आणि खाली पोस्टमॉडर्न असं लिहिलेलं. यावर कधीपासून नीट लिहायचं होतं, कारण त्या फोटोत माणूस दिसत नाही आणि त्या माणसामागे जो कारखाना उभा होता तो तर अजिबातच दिसत नाही. मी प्रॉडक्ट डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे डिझायनरइतकंच मला त्याला काम देणाऱ्या माणसाबद्दल कुतूहल असतं. त्याने काय मागितलं, किती मोकळीक दिली, कुठे नाही म्हटलं, यावरच तर वस्तू ठरते.

तर इव्रेआ. तोरिनोच्या (ट्युरिनच्या) उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, दोरा बाल्तेआ नदीवरचं छोटं शहर. १९०८ मध्ये कामिल्लो ओलिवेत्ती नावाच्या इंजिनियरने तिथे लाल विटांच्या इमारतीत टाइपरायटरचा कारखाना काढला, १९११ च्या तोरिनोच्या प्रदर्शनात एम १ हे पहिलं मशीन मांडलं. मशीनवर दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूसारखी नक्षी नको, दिसायला साधं आणि गंभीर असावं, हा आग्रह तेव्हापासूनचा.

मुलगा आद्रियानो, जन्म १९०१, केमिकल इंजिनियर झाला. पण बापाने त्याला लगेच केबिन दिली नाही, आधी कारखान्यात कामगार म्हणून उभं केलं. तेच ते काम दिवसभर करताना माणसाचं काय होतं हे त्याने स्वतः अनुभवलं आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं. १९२५ मध्ये अमेरिकेत जाऊन तिथले कारखाने बघून आला, उत्पादनाची पद्धत तिथून घेतली, पण कामगाराचं आयुष्य कसं असावं याचा विचार त्याचा स्वतःचा होता. १९३० च्या दशकात फिजिनी आणि पोल्लिनी या दोन तरुण आर्किटेक्टना बोलावून त्याने कारखाना वाढवला तो काचेचा. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काम करणारा दिसतो आणि आतल्याला मान वर केली की डोंगर दिसतात. मग पाळणाघर, दवाखाना, कामगारांसाठी घरं, लायब्ररी, जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं. १९५७ च्या सुमारास आठवड्याचे ४८ तास ४५ वर आणले, पगार न कापता. युद्धानंतरच्या इटलीत हे फार पुढचं होतं.

आणि माणसं बघा कोण. जाहिरात विभाग आधी लिओनार्दो सिनिस्गाल्लीकडे, हा इंजिनियर आणि कवी. पुढे फ्रांको फोर्तिनी, हाही कवी, लेत्तेरा २२ या टाइपरायटरचं नाव त्यानेच दिलेलं. पोस्टर्स जोव्हान्नी पिंतोरीची. मशीनला रूप देणारा मार्चेल्लो निझ्झोली हा मुळात चित्रकार, काम्पारीची पोस्टर्स केलेला माणूस. त्याचं लेक्सिकॉन ८० (१९४८) आणि लेत्तेरा २२ (१९५०) ही मशीन बघितली की आधीच्या काळ्या, उघड्या हाडांच्या टाइपरायटरनंतर हे किती वेगळं होतं ते कळतं. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने फक्त ओलिवेत्तीवर प्रदर्शन भरवलं.

या कंपनीत १९५८ मध्ये सोत्सास आला. १९१७ ला इन्सब्रुकमध्ये जन्मलेला, आर्किटेक्टचा मुलगा, तोरिनोला शिकलेला, युद्धात युगोस्लाव्हियात कैदी म्हणून राहिलेला, १९५६ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज नेल्सनच्या ऑफिसात थोडे दिवस काम करून आलेला. त्याला मिळालेलं पहिलं मोठं काम टाइपरायटर नव्हतंच, कॉम्प्युटर होता. एलेआ ९००३. मारियो चू नावाचा इंजिनियर, रोममध्ये चिनी डिप्लोमॅटच्या घरी जन्मलेला, त्याच्या हाताखालच्या तरुण पोरांच्या टीमने पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारं हे मशीन बांधलं. तेव्हाचे कॉम्प्युटर म्हणजे माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटांची भिंत. सोत्सासने कपाटांची उंची कमी केली, इतकी की ऑपरेटरना एकमेकांची तोंडं दिसावीत. केबल जमिनीखालून न नेता वरून, उघड्या नळ्यांमधून नेल्या, म्हणजे मशीन हलवायचं, वाढवायचं तर फरशी फोडायला नको. ह्या एका निर्णयात मला इव्रेआच्या काचेच्या भिंतीचाच विचार दिसतो, काम करणारा माणूस झाकला जाऊ नये. १९५९ मध्ये त्याला कोम्पासो दोरो मिळालं, इटलीतलं डिझाइनचं सगळ्यात मानाचं बक्षीस.

आणखी एक, सोत्सास कधीही ओलिवेत्तीचा नोकर झाला नाही. बाहेरचा सल्लागार म्हणूनच राहिला, मिलानोत स्वतःचा स्टुडिओ ठेवून. आणि कंपनीला ते चाललं. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण मशीनं करतानाच तो सिरॅमिक, दागिने, फर्निचर, फोटो हे सगळं करत होता आणि एकातलं दुसऱ्यात येत होतं.

सोत्सासचा लाल टाइपरायटर व्हॅलेंटाइन आणि मेम्फिस यांवर प्रतिसादात लिहिते, हेच खूप लांबलं.

---

बिट_बाइट:

वाचनखूण साठवली. एलेआबद्दल मराठीत पहिल्यांदाच वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कॅरेज_रिटर्न:

ताई, फार चांगला विषय काढलात. माझी निम्मी हयात टाइपरायटर दुरुस्तीत गेली. सोलापूरला टायपिंग इन्स्टिट्यूटची मशीनं माझ्याकडे असायची, गोदरेज, रेमिंग्टन, फॅसिट, हल्डा. इंग्लिश चाळीस, मराठी तीस अशा परीक्षा जवळ आल्या की रात्री जागून मशीनं लावून द्यायची. लेत्तेरा आमच्याकडे क्वचित यायची, एखाद्या वकिलाची किंवा बाहेरदेशी राहून आलेल्या प्रोफेसरची.

लेत्तेरा २२ चं वजन पावणेचार किलोच्या आसपास. ऑफिसचं रेमिंग्टन दोन हातांनी उचलायचं, हे काखेत मारून नेता येतं. पण मला त्यात आवडायचं ते वेगळंच. नेहमीच्या मशीनला कॅरेजचा, म्हणजे कागद धरून सरकणाऱ्या भागाचा, दांडा बाहेर काढलेल्या कोपरासारखा असतो, डब्यात घालताना तोच अडकतो आणि वाकतो. लेत्तेराचा दांडा वापरताना उभा करायचा, झालं की बॉडीला चिकटून बसतो. रोलरच्या बाजूच्या खुंट्यासुद्धा बाहेर फारशा येत नाहीत. पत्र्याचं कवच आणि आतलं यंत्र एकमेकांना धरून बनवलंय, वरून झाकण बसवलंय असं वाटत नाही. आणि सगळ्या कळांमध्ये एकच लाल कळ, हात आपोआप तिथे जातो. आतलं यंत्र जुझेप्पे बेच्चो या इंजिनियरचं, त्याचंही नाव घेतलं पाहिजे. मी मेकॅनिक असल्यामुळे म्हणतो, निझ्झोलीने बाहेरून कितीही सुंदर केलं असतं पण बेच्चोने आतलं यंत्र इतकं चपटं केलं नसतं तर ते कवच बसलंच नसतं.

व्हॅलेंटाइन मी एकदाच उघडून बघितलेलं आहे. त्यावर ताईंनी लिहिलं की मग बोलतो.

---

सरळसोट:

लेख आवडला, माहिती भरपूर आहे. पण काही मुद्दे पटले नाहीत, स्पष्टच लिहितो, राग मानू नये.

एक तर आद्रियानो ओलिवेत्तीचं जे चित्र उभं केलं जातं ते जरा देवमाणूस टाइप होतं. शेवटी कारखाना त्याचाच, पाळणाघरही त्याच्याच मर्जीने. गावातलं घर, दवाखाना, लायब्ररी, नोकरी सगळं एकाच मालकाकडून आलं तर कामगार त्याच्या विरोधात उभा कसा राहणार? तो १९५६ मध्ये इव्रेआचा महापौर झाला, १९५८ मध्ये स्वतःच्या चळवळीतर्फे खासदार झाला. मालक, महापौर आणि खासदार एकच माणूस. डाव्या युनियन त्याच्याकडे संशयाने बघायच्या त्याला कारण होतं.

दुसरं, नेपल्सजवळ पोझ्झुओलीला १९५५ मध्ये त्याने कारखाना काढला, लुइजी कोसेंझाने केलेला, समुद्राकडे बघणारा, सुंदरच आहे. पण नोकऱ्या मोजक्या आणि दारात बेकारांची रीघ. तिथे भरतीसाठी लोकांच्या चाचण्या घेणारा ओत्तिएरो ओत्तिएरी हा लेखक होता आणि त्याने त्यावर कादंबरी लिहिली, ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांच्याबद्दल. सुंदर कारखान्याने दक्षिण इटलीची गरिबी हटत नाही हे कंपनीतलाच माणूस सांगून गेला.

आणि मेम्फिस तर मला पूर्णपणे श्रीमंतांचं खेळणं वाटतं. कार्ल लागरफेल्डने मोनाकोचा अख्खा फ्लॅट मेम्फिसने भरला होता. इव्रेआच्या कामगारापासून तिथपर्यंत सरळ रेषा कशी काढणार?

---

तिरपी_रेघ:

सरळसोट, राग कसला, असेच प्रतिसाद हवेत. पहिल्या मुद्द्याला बऱ्यापैकी अनुमोदन. मालकाच्या चांगुलपणावर उभं असलेलं सगळं मालकाबरोबर जातं, आणि तसंच झालं. २७ फेब्रुवारी १९६० ला आद्रियानो स्वित्झर्लंडला जाणाऱ्या रेल्वेत वारला. त्याआधीच अमेरिकेची अंडरवुड कंपनी विकत घेतल्यामुळे कर्जाचं ओझं झालेलं. १९६१ मध्ये मारियो चू गाडीच्या अपघातात गेला. १९६४ मध्ये बँका आणि मोठ्या उद्योगांचा गट मदतीला आला आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग जनरल इलेक्ट्रिकला विकला गेला. चार वर्षांत एवढं.

पण पोझ्झुओलीच्या उद्घाटनाचं त्याचं भाषण मला महत्त्वाचं वाटतं. उद्योगाला काही उद्दिष्ट असू शकतं का, की ते फक्त नफ्याच्या आकड्यात शोधायचं, हा प्रश्न त्याने कामगारांसमोर उभं राहून विचारला. उत्तर त्याला पूर्ण जमलं नाही असं म्हणू शकतो, पण प्रश्न विचारणारे मालक तेव्हाही थोडेच होते आणि आताही थोडेच आहेत. ओत्तिएरीने ती कादंबरी लिहिली हेसुद्धा मी ओलिवेत्तीच्या बाजूनेच मोजते. भरती विभागात कादंबरीकार नेमायचा हे कुठल्या कंपनीला सुचतं?

आता व्हॅलेंटाइन. १९६९, सोत्सास आणि त्याच्याबरोबर पेरी किंग हा तरुण इंग्लिश डिझायनर. एबीएस प्लॅस्टिकचं लालभडक पोर्टेबल. सोत्सासला ते खूप स्वस्त करायचं होतं, बॉलपेनसारखं कुणीही घ्यावं असं, त्यासाठी साधं प्लॅस्टिक आणि जमेल तितकी काटछाट हवी होती. कंपनीने ते मान्य केलं नाही. ऑफिस सोडून कुठेही वापरावं, कंटाळवाण्या कामाच्या तासांची आठवणसुद्धा येऊ नये म्हणून तो लाल. पुढे १९७० चं कोम्पासो दोरो मिळालं, म्युझियममध्ये गेलं, पण खप मात्र यथातथाच झाला आणि सोत्सास स्वतः नंतर त्याच्याबद्दल फार प्रेमाने बोलत नसे, जरा जास्तच नटवलेलं झालं असं त्याचं मत. मला यात वाईट वाटतं ते हे की त्याची मूळ कल्पना स्वस्तपणाची होती आणि आज ते मशीन लिलावात जातं. डेव्हिड बोवीकडचं २०१६ मध्ये ४५,००० पौंडांना गेलं.

---

कॅरेज_रिटर्न:

हां, आता व्हॅलेंटाइन. आत यंत्र जवळपास लेत्तेरा ३२ चंच (२२ च्या पुढचं मॉडेल) आहे, म्हणजे भरवशाचं. नवीन आहे ते सगळं बाहेर. त्याची केस म्हणजे बादली समजा, चौकोनी. मशीन तिच्यात सरकवायचं, आणि मशीनची मागची बाजू हीच केसचं झाकण होते, धरायचा हँडल त्या मागच्या बाजूलाच. दोन्हीकडे काळे रबरी पट्टे, ते ओढून अडकवले की काम झालं. रिबनच्या दोन्ही चकत्यांवर केशरी टोप्या, समोरून बघितलं की दोन डोळे वाटतात.

माझ्याकडे आलेल्याचे रबरी पट्टे वाळून तडकले होते. इतक्या वर्षांनी रबराचं हेच होणार. त्यामुळे आता कुणी सेकंडहँड घेत असेल तर रंग बघू नका, पट्टे बघा आणि केसच्या कोपऱ्यांना चीर आहे का ते बघा. यंत्राला तेल-साफसफाई केली की ते चालतं, प्लॅस्टिक मात्र परत मिळत नाही.

---

मृदगंध:

खूपच छान चर्चा चाललीये. एक प्रश्न, या सगळ्यात बायका कुठे आहेत? सगळी नावं पुरुषांचीच येतायत.

---

वास्तुवेडी:

मृदगंध, बरोबर प्रश्न विचारलास. ओलिवेत्तीच्याच गोष्टीत गाए आउलेंती आहे, जन्म १९२७ चा, फ्रिउलीतला. आपल्याला ती पॅरिसच्या म्युझे द'ओर्सेमुळे माहीत, जुन्या रेल्वे स्टेशनाचं म्युझियम, १९८६ ला उघडलं. पण त्याच्या वीस वर्षं आधी ओलिवेत्तीने तिला पॅरिसची शोरूम दिली होती, नंतर ब्युनोस आयर्सची. पॅरिसच्या शोरूमसाठी तिने टेबललॅम्प केला तो पिपिस्त्रेल्लो, म्हणजे वटवाघूळ. खाली काळा शंकू, मधली स्टीलची दांडी वरखाली होते, आणि वर दुधी रंगाची शेड जिच्या कडा पंखांसारख्या पसरलेल्या. मार्तिनेल्ली लुचे ही कंपनी तो १९६० च्या दशकापासून आजपर्यंत बनवते.

बाकीही खूप आहेत, कार्टेल कंपनीच्या गोल प्लॅस्टिकच्या ड्रॉवरवाल्या आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी, चिनी बोएरी (चिनी हे तिचं नावच), आणि लीना बो बार्दी जी १९४६ ला ब्राझीलला गेली आणि तिथलीच झाली. मेम्फिसमध्येही मार्तिन बेदँ आणि नाताली द्यु पास्किए होत्या, दोघी मूळच्या फ्रेंच, दोघी तेव्हा विशीतल्या.

पण मला खरं लिहायचंय ते कार्लो स्कार्पा या आर्किटेक्टबद्दल, कारण ओलिवेत्तीचं सगळ्यात सुंदर काम माझ्या मते टाइपरायटर नाहीच, व्हेनिसची शोरूम आहे. पियात्सा सान मार्कोमध्ये, प्रोकुरातीए वेक्येच्या कमानींखाली, कोपऱ्यावरची अंधारी, अरुंद, खोल जागा. आद्रियानोने १९५७ मध्ये काम दिलं, १९५८ मध्ये झालं. आता फाइ ही वारसा जपणारी संस्था सांभाळते आणि तिकीट काढून आत जाता येतं.

मी आत गेले आणि पहिली खूप वेळ फक्त जमिनीकडे बघत होते. व्हेनेशियन मोझॅइक असतं त्यात बारीक तुकडे असतात, इथे स्कार्पाने मुरानोच्या काचेचे मोठे, थोडे अनियमित चौकोन सिमेंटमध्ये ओळीने बसवलेत, आणि शोरूमच्या वेगवेगळ्या भागांत रंग बदलतो, एकीकडे लाल, मध्ये पांढुरका, मग निळा, पिवळा. बाहेरच्या चौकात पाणी चढतं ते व्हेनिस, आणि आतली फरशी ओली असल्यासारखी चमकते. मग जिना. आउरिझिना दगडाच्या जाड लाद्या, एकीवर एक, पण एकमेकींपासून सुटलेल्या. प्रत्येक पायरी वेगळ्या रुंदीची, काही तर बाजूला इतक्या लांब गेल्यात की त्यांचं शेल्फच झालंय. मधून उजेड आरपार जातो त्यामुळे एवढा दगड असूनही जिना जड वाटत नाही. आणि दाराजवळ काळ्या दगडाच्या उथळ कुंडात पाणी, त्यावर आल्बेर्तो विआनीचं शिल्प. टाइपरायटर विकायच्या दुकानात एवढी जागा पाण्याला आणि शिल्पाला दिली!

तिरपी_रेघ म्हणतेय तसं इथेही एकटा माणूस नाहीये. स्कार्पाचं लोखंडकाम झानोनकडे, लाकूडकाम आन्फोदिल्लोकडे, भिंतीचा गिलावा देल लुइजीकडे, ही माणसं वर्षानुवर्षं त्याच्याबरोबर. स्कार्पाने व्हेनिनीच्या काचकारखान्यात १९३२ पासून पंधरा वर्षं काढली होती, भट्टीपाशी उभं राहून काच शिकलेला माणूस. त्याच्याकडे आर्किटेक्टचं लायसन्स नव्हतं, त्यावरून त्याच्यावर केस झाली. आणि आज जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजात त्याचे सांधे, म्हणजे दगडाला लोखंड कसं भेटतं, लोखंडाला लाकूड कसं भेटतं, ते शिकवतात. १९७८ मध्ये जपानमध्ये सेंदाईला जिन्यावरून पडून गेला. त्रेविझोजवळ ब्रिओन कुटुंबासाठी त्याने जी समाधी बांधली तिच्याच एका कोपऱ्यात त्याला पुरलंय. हे ब्रिओन म्हणजे ब्रिओनवेगा रेडिओ-टीव्हीवाले, ज्यांच्यासाठी कास्तिलिओनी बंधूंनी, झानुसोने आणि बेल्लिनीने कामं केली. म्हणजे परत कारखानदार आणि डिझायनर ही जोडी आलीच.

---

तिरपी_रेघ:

वास्तुवेडी, देल लुइजी नाही, एउजेनियो दे लुइजी, बाकी सगळं अगदी मनातलं लिहिलंस. फरशीबद्दल वाचून परत जावंसं वाटलं.

---

बिट_बाइट:

माझा प्रांत कॉम्प्युटर, म्हणून १९६४ च्या पुढचं मी लिहितो, कारण गोष्ट तिथे संपत नाही. विभाग जनरल इलेक्ट्रिकला गेला पण पिएर जोर्जो पेरोत्तो आणि त्याच्याबरोबरचे दे सांद्रे, गार्झिएरा हे थोडे लोक एक छोटं मशीन करत होते. ते कॉम्प्युटर म्हणून नोंदलं असतं तर विक्रीत गेलं असतं, म्हणून कागदोपत्री कॅल्क्युलेटर दाखवलं आणि ते ओलिवेत्तीतच राहिलं. त्याचं नाव प्रोग्रामा १०१. टेबलावर बसणारं, प्रोग्राम लिहून मॅग्नेटिक कार्डावर ठेवता येतो, कार्ड आत सरकवलं की परत चालतो. रूप दिलं मारियो बेल्लिनीने, तेव्हा तिशीचा. ऑक्टोबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडलं, किंमत ३,२०० डॉलर, आणि अमेरिकेत चांगलं चाललं, नासानेही घेतली, अपोलो ११ च्या आकडेमोडीत वापरली गेली. ह्युलेट-पॅकार्डला मॅग्नेटिक कार्डाच्या पेटंटपोटी ९ लाख डॉलर द्यावे लागले.

यात मला डिझाइनचा मुद्दा असा वाटतो की बेल्लिनीने त्याला कपाटाचं तोंड दिलं नाही. पुढची कड हाताचा तळवा टेकेल अशी गोलाकार पुढे आलेली आहे. एका माणसाने समोर बसून वापरायचं यंत्र, हे त्याआधी कुणी नीट आकारात मांडलंच नव्हतं. पर्सनल कॉम्प्युटरचा इतिहास कॅलिफोर्नियाच्या गॅरेजपासून सुरू करतात तेव्हा इव्रेआचं नाव यायलाच हवं.

---

सरळसोट:

बिट_बाइट, उत्तम माहिती. वास्तुवेडी, स्कार्पा वाचून व्हेनिस यादीत घेतलं. पण माझा मेम्फिसचा मुद्दा तसाच राहिला.

---

तिरपी_रेघ:

येतेच तिकडे. पण मेम्फिसच्या आधी भारत मध्ये घ्यावा लागेल, त्याशिवाय ते रंग कुठून आले कळत नाही.

१९६१ मध्ये सोत्सास आणि त्याची बायको फेर्नांदा पिवानो, अमेरिकन साहित्य इटालियनमध्ये आणणारी मोठी अनुवादक, दोघं भारतात आले. देवळं, घाट, बाजार, रंगवलेली घरं, ट्रक, त्याने सगळ्याचे फोटो काढले. परत गेल्यावर तो मूत्रपिंडाच्या आजाराने मरणाच्या दारात पोहोचला. आद्रियानोचा मुलगा रोबेर्तो ओलिवेत्तीने त्याला कॅलिफोर्नियात पालो आल्तोच्या हॉस्पिटलमध्ये पाठवायची व्यवस्था केली. सल्लागार म्हणून काम करणाऱ्या माणसासाठी कंपनीने एवढं केलं, हे सरळसोट यांच्या मर्जीवाल्या मुद्द्यालाही धरून आहे, पण त्याचा जीव वाचला. बरा झाल्यावर १९६३ मध्ये त्याने अंधाराची सिरॅमिक्स म्हणून मालिका केली, काळपट, गोल चकत्या आणि वर्तुळं असलेले उंच नळे. आणि १९६४ मध्ये शिवाला अर्पण म्हणून थाळ्यांची मालिका, जगल्याबद्दलचे आभार. पुढे १९६८-६९ ला तंत्र आणि यंत्र नावाच्या फुलदाण्या. हे सगळं मोंतेलुपोच्या बितोस्सी या कुंभारकामाच्या कारखान्यात, आल्दो लोंदीबरोबर.

त्याने भारतातून देवदेवतांच्या आकृत्या उचलल्या नाहीत. थाळी समोर ठेवली की तिच्यात काहीतरी ठेवावं लागतं, म्हणजे वस्तू ही विधीचा भाग असते, हे त्याने उचललं. घरातल्या कपाटालाही असं व्यक्तिमत्त्व असावं, त्याच्यासमोर उभं राहावंसं वाटावं. कार्लटन शेल्फ (१९८१) समोरून बघा, दोन हात पसरून उभी असलेली मूर्ती आहे ती.

आता मेम्फिस. ११ डिसेंबर १९८० ला रात्री मिलानोत सोत्सासच्या घरी सगळी तरुण मंडळी जमली, तो स्वतः ६३ वर्षांचा. बॉब डिलनची रेकॉर्ड लागलेली होती, नाव त्यातून आलं. सप्टेंबर १९८१ मध्ये पहिलं प्रदर्शन. आणि मटेरियल काय, तर सनमायका. आबेत लामिनाती कंपनीची लॅमिनेट, वर सोत्सासने १९७८ मध्ये काढलेलं बाक्तेरियो, वळवळणाऱ्या काळ्या रेघांचं डिझाइन. तेव्हा सनमायका म्हणजे स्वयंपाकघर आणि चहाच्या टपरीसारख्या बारचं सामान. श्रीमंताच्या दिवाणखान्यात अक्रोडाचं लाकूड आणि संगमरवर असायचं. सोत्सासने स्वस्त सामान चांगल्या सुताराकडून उत्तम बनवून घेतलं आणि मधल्या खोलीत आणून ठेवलं. किमतीबद्दल सरळसोट बरोबर आहेत, थोड्या संख्येने हाताने बनलं म्हणून महागच पडलं आणि घेणारे श्रीमंतच होते. १९८५ ला सोत्सास स्वतः त्यातून बाहेर पडला. पण चुकीच्या माणसाने विकत घेतलं म्हणून वस्तू चुकीची ठरत नाही असं मला वाटतं.

---

सरळसोट:

भारताचा भाग नवीन होता मला, धन्यवाद. तरी मेम्फिसबद्दल माझं मत तेच राहील. मला त्या पिढीतला एन्झो मारी हा डिझायनर जास्त जवळचा. १९७४ मध्ये त्याने १९ फर्निचरचे आराखडे काढले, टेबल, खुर्ची, पलंग, कपाट, फक्त साध्या फळ्या, करवत, हातोडी आणि खिळे. ज्याने पत्र पाठवलं त्याला पोस्टाच्या खर्चात आराखडे मिळायचे. अट एवढीच की कारखान्याने त्याचा धंदा करायचा नाही.

आम्ही त्यातलं एक टेबल घरी बनवलंय, पॅकिंगच्या पाइनवूडच्या फळ्या रंधून. बघताना वाटतं हे डुगडुगणार, कारण कुठेही खाचा पाडून केलेला सांधा नाही, नुसते खिळे. पण पायांमध्ये आडव्या पट्टीशिवाय तिरकी पट्टी येते, तिथे त्रिकोण तयार होतो आणि टेबल हलायचं थांबतं. ती शेवटची तिरकी पट्टी ठोकली तेव्हा मला टेबल कशामुळे उभं राहतं ते हाताला कळलं. मारीला नेमकं हेच हवं होतं, लोकांना फर्निचर द्यायचं नव्हतं, बनवून बघायला लावायचं होतं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो कोविडच्या काळात गेला, दुसऱ्या दिवशी त्याची बायको, कलासमीक्षक लेआ वेर्जिने गेली. आपलं सगळं संग्रहित काम मिलानो शहराला दिलं, पण ४० वर्षं कुणाला दाखवायचं नाही या अटीवर.

---

मृदगंध:

मारीच्या आराखड्यांबद्दल वेगळा धागा काढाच सरळसोट, टेबलाच्या मापांसकट. 

आणि इव्रेआला प्रत्यक्ष जाता येतं का? आता तिथे काय आहे?

---

तोरिनोकर:

मी तोरिनोत राहतो म्हणून लिहितो. पोर्ता नुओवा किंवा पोर्ता सूझा स्टेशनवरून इव्रेआची लोकल मिळते, तासाभरात पोचता. २०१८ मध्ये युनेस्कोने इव्रेआला विसाव्या शतकातलं औद्योगिक शहर म्हणून जागतिक वारसा यादीत घेतलं. सगळं बघायचं ते विआ येर्विस या रस्त्यावर. गुल्येल्मो येर्विस हा ओलिवेत्तीचा इंजिनियर, प्रतिकार चळवळीत होता, १९४४ मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या, त्याचं नाव रस्त्याला. एका बाजूला जुनी लाल विटांची इमारत आणि तिला लागून लांबच लांब काचेची भिंत, समोर कामगारांच्या सोयींचं केंद्र, मागे टेकडीवर गार्देल्लाने केलेली कॅन्टीनची षटकोनी इमारत. काही इमारतींत आता दुसरी ऑफिसं आहेत, काही रिकाम्याच आहेत, तेव्हा सगळं चकाचक असेल या अपेक्षेने येऊ नका. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी आलेलं बरं. गावात जुनी मशीनं चालू स्थितीत ठेवलेलं टेक्नोलॉजिकामेंते नावाचं छोटं म्युझियम आहे, कॅरेज_रिटर्न काकांना तिथे नक्की आवडेल, यंत्रं उघडून दाखवतात. प्रोग्रामा १०१ सुद्धा आहे.

---

बिट_बाइट:

भारी! आणि एलेआ ९००३ कुठे बघायला मिळेल का?

---

तोरिनोकर:

त्यासाठी तोस्कानात जावं लागेल. सिएनाच्या मोंते देई पास्की बँकेने घेतलेलं मशीन नंतर बिब्बिएनाच्या एन्रिको फेर्मी तांत्रिक शाळेला दिलं गेलं आणि तिथल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी ते जपलंय. शाळा आहे, म्युझियम नाही, त्यामुळे आधी कळवून परवानगी घेऊनच जा.